भरलेलं पाणी
माझी बायको वारली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून नळाचं पाणी भरलं होतं. तांब्याच्या ओल्या हंड्याचा वास आला की मला मलेशिया आठवतो. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून आम्ही तिकडं गेलो. वाडीत पाण्याचे हाल, अंघोळसुद्धा तांबे मोजून. गावच्याच एकाच्या खानावळीत मी भांडी घासायचो, ती भाकऱ्या थापायची, आणि वरच्या खोलीत राहायचो. नळाला दिवसभर पाणी, तरी ही बाई हंडे, बादल्या, पिंपं भरून ठेवायची. एका साली तिकडं डेंगू पसरला. साठवलेल्या पाण्यात डासाची अळी सापडली की खानावळीला टाळं. एका दुपारी मालक खालून ओरडला, "वहिनी, तपासणीवाले शेजारी आलेत, पाणी ओता." ती मला म्हणाली, "भरलेलं पाणी ओतू? याचं डोकं फिरलंय काय?" मी म्हटलं, "काम जाईल गो." "मग धुवा." तिनं चादरी, गोधड्या, माझ्या अंगातला सदरासुद्धा पाण्यात घातला. मी गोधड्या तुडवतोय, ती जिना घासतेय, मालक पँट दुमडून खाली टेबलं धुतोय. हसून हसून दम लागला. तपासणीची बाई बूट हातात घेऊन वर आली, पालथी पिंपं बघितली, हसली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळ पूर्ण सोडला, तिला त्याच्याखाली बसवली आणि म्हटलं, "आज तांब्या मोजायचा नाय." दार ओढून मी बाहेर बसलो. आत पाणी पडत होतं, ती गात होती. मालकानं खालून दोनदा हाक मारली. मी उठलो नाय. आजही उठलो नसतो.