तिघांत चौथा पखवाज

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा नाकातून यायला नको! मी केलेला गाढवपणा निम्म्या रत्नागिरीला ठाऊक आहेच. उरलेल्यांना तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेला बरा.

गेली तीस वर्षं मी आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. बुवा म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. तो पेटीवर, मी त्याच्या उजव्या हाताला. दादाचा मुलगा निनाद इंजिनियर झाला, पुण्यात चांगल्या नोकरीला लागला आणि एक दिवस ती सोडून गिटार वाजवायला लागला. तेही जॅझ! दादाने वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं. बापलेकांचे निरोप माझ्यामार्फत जायचे-यायचे.

आमचा सलीमभाई बरीच वर्षं मस्कतच्या हॉटेलात काढून परत आलाय. त्याने भाट्याला खाडीकाठी कॅफे टाकलाय. तिथे एका रविवारी चार वाजता निनादच्या तिघांचा कार्यक्रम ठरला. निनादचा मला फोन आला.

"काका, बाबांना तेवढं घेऊन ये. एकदा ऐकू देत मला. बाकी तू काहीएक करू नकोस."

आता तुम्हीच सांगा, मला असं कोणी सांगावं का?

दादाला आणलं. "अर्धा तास बसेन. मग आंब्याच्या कलमांना पाणी घालायचंय," असं बजावूनच तो पहिल्या रांगेत बसला. मी जरा स्टेजकडे गेलो. एक पोरगा पियानोवर. निनाद गिटार जुळवतोय. आणि रेवा नावाची एक मुलगी माणसाच्या उंचीचं व्हायोलिन उभं धरून. त्याला बास म्हणतात म्हणे. मी चौथा माणूस शोधतोय.

"निनाद, तुमचा ठेक्यावाला कुठाय रे?"

"ड्रमर नाही काका. आम्ही तिघंच."

"म्हणजे आला नाही?"

"नाहीच. मुद्दामच नाही घेतला."

मुद्दाम! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, पखवाजी रुसला की मंडळं हेच सांगतात! मी स्वतः तीनदा रुसलोय. दोनदा बसायच्या जागेवरून आणि एकदा चहा पांचट होता म्हणून. तिन्ही वेळा दादाने लोकांना सांगितलं, "आज मुद्दामच त्याला नाही बोलावला."

आणि आमच्याकडची रीत अशी की, दुसऱ्या मंडळाचा पखवाजी आला नाही तर समोर बसलेल्या वादकाने उठायचं आणि जाऊन बसायचं. विचारायचं नाही. विचारलं तर त्यांची अडचण चारचौघांत उघडी पडते. पोराची अब्रू चव्हाट्यावर, आणि तीही दादासमोर! मी गप्प बसणार होय?

स्कूटर काढली, तडक घरी. पखवाज उचलला. आता पखवाजाच्या डाव्या अंगाला भिजवलेली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही. नवी भिजवायला वेळ कुणाला! चपात्यांसाठी मळून ठेवलेल्या गोळ्यातून निम्मा तोडला.

"अहो, संध्याकाळी खाणार काय?" बायको ओरडली.

"पोराचा संसार वाचवायचाय!" मी म्हटलं.

"त्याचं लग्न कुठे झालंय?" असं काहीतरी मागून ऐकू आलं.

पोचलो तेव्हा पहिलं गाणं संपत आलं होतं. दादाचा चेहरा दाढ काढायला बसल्यासारखा. मनात म्हटलं, बरोबर आहे, ठेका नाही ना! मी हळूच स्टेजच्या कडेला बसलो. दुसरं गाणं सुरू झालं. रेवाने मान हलवली. ती पियानोवाल्याकडे बघून हलवली होती, हे मला आता कळतंय. तेव्हा मला वाटलं, "घ्या काका."

घेतला की!

त्यांचं गाणं आपलं मजेत, झुलत चाललं होतं. मी त्याला मागून ढकललं. बघता बघता ते पळायला लागलं. मागे बसलेल्या आमच्या भजनातल्या मंडळींनी टाळ्या धरल्या. सलीमभाई काउंटरमागून दोन्ही हात हलवत होता. मला वाटलं, दाद देतोय! निनाद माझ्याकडे बघून हसला. हेल्मेट नसलं की आपण पोलिसाकडे बघून हसतो ना, तसं.

मग निनादने आणि पियानोवाल्याने हात काढून घेतले. रेवा एकटीच, अगदी हलक्या बोटांनी वाजवत राहिली. दमली वाटतं पोरं! म्हणजे मला मोकळं रान. मी लांबलचक तिहाई धरली, एकच बोल तीनदा. तिसऱ्या फेरीला जोरात हात मारला आणि घाईघाईत थापलेली कणीक सुटून उडाली, ती थेट रेवाच्या बासवर जाऊन चिकटली!

तिने एकदा कणकेकडे बघितलं. पण वाजवायची थांबली नाही हो.

आणि दादा उभा राहिला. कुणाच्या कार्यक्रमात दादा कधी मधेच बोलला नव्हता.

"बाळ्या, हात काढ! ती मुलगी काहीतरी सांगत्येय!"

मी हात काढले. कान असे गरम झाले की काय सांगू!

पण मग मला पहिल्यांदाच ते ऐकू आलं. रेवाची बोटं एकेक पाऊल टाकत चालली होती. त्यावर निनाद दोन-दोन सूर टाकायचा, पियानोवाला मधेच खट्याळपणा करायचा. कुणालाच घाई नव्हती. ठेका कोणी देत नव्हतं आणि सगळे ठेक्यात होते! सलीमभाई चमच्याने बशीवर टिचक्या मारत होता. आणि दादाची चप्पल खालच्या खाली हलत होती.

गाणं संपल्यावर दादा स्टेजपाशी गेला.

"हा घुसायच्या आधी जे वाजवत होतात ना," त्याने निनादला विचारलं, "ते परत वाजवता येईल?"

कलमं त्या दिवशी तहानलेली राहिली. निघताना दादा म्हणाला, "घरी चला जेवायला. तिघंही." निनादचे डोळे भरले. माझेही, खोटं कशाला बोलू.

"बघितलंस?" मी निनादला म्हटलं. "शेवटी माझ्यामुळेच जमलं."

"हो काका," तो म्हणाला. "तू थांबलास म्हणून."

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण गुरुवारी आमचं भजन होतं. मी ताजी कणीक घेऊन जागेवर बसलो, तर दादा म्हणतो, "थांब. पहिला अभंग जरा तुझ्याशिवाय म्हणून बघू."

पहिला झाला. दुसराही झाला. तिसऱ्याला दादालाच माझी कीव आली. म्हणाला, "हं, घे आता."

मी कणीक थापायला डबा उघडला, तोच मागच्या रांगेतून आवाज आला, "राहू दे हो बुवा! तीस वर्षांत आज पहिल्यांदा शब्द कळतायत!"

कणीक तशीच घरी परत आली. बायकोने तिच्या चार चपात्या केल्या. चांगल्या मऊ झाल्या होत्या.