पाठ न केलेली दोन मिनिटे

प्रा. कुमुदिनी खवणेकर यांची आणि माझी पहिली भेट कुडाळच्या महाविद्यालयात, अकरावीच्या वर्गात झाली. बाई मालवणहून एसटीने येत आणि आम्हाला इंग्रजी शिकवत. पहिल्याच दिवशी त्यांनी एकेकाला उभे करून आपापल्या गावाविषयी इंग्रजीत बोलायला सांगितले. मी पिंगुळीचा. गाइडमधला ‘माझे गाव’ हा निबंध मला तोंडपाठ होता, तो मी एका दमात म्हणून टाकला. त्यात टेकडीवरचा किल्लाही होता. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, “पिंगुळीत किल्ला कधी बांधला?” वर्ग हसला. मग त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे कळसूत्री बाहुल्या नाचवतात. बाहुलीची मान कशी वळवतात, तेवढंच सांगा.” मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, निम्मे हातवारे करून सांगितले. “आता तुम्ही बोललात,” बाई म्हणाल्या. “मघाशी गाइड बोलत होतं.”

हा धडा मी पुढे विसरलो, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागली. बाईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात तो प्रसंग लिहिणे मला भाग आहे.

निवृत्तीनंतर बाई घरी बसतील असे कुणालाच वाटले नव्हते. पण त्या चीनमधल्या मुलांना शिकवू लागतील, हे मात्र आमच्या डोक्यातही आले नव्हते. पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या मुलांना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. ठरलेले गुण पडले नाहीत तर हातातला प्रवेश जातो. अशा मुलांची ऑनलाइन तयारी करून घेणाऱ्या एका संस्थेने बाईंना विचारले आणि बाई हो म्हणाल्या. मालवणच्या घरात, माडीवरच्या खोलीत, सकाळी साडेसहाला त्यांचा पहिला वर्ग सुरू होतो. तेव्हा तिकडे नऊ वाजलेले असतात. पुढे त्यांनी मलाही बोलावून घेतले आणि शेजारच्या खोलीत शिकवायला बसवले.

जे आपण स्वतः केले नाही ते दुसऱ्याला सांगायचे नाही, हा बाईंचा खाक्या. म्हणून सत्तरी उलटल्यावर त्यांनी स्वतः ती परीक्षा दिली. केंद्रावरच्या रखवालदाराने त्यांना पालकांच्या खुर्च्या दाखवल्या. बाईंनी प्रवेशपत्र काढून त्याच्या हातात ठेवले. निकालात बोलण्याच्या भागात अर्धा गुण गेला. “विषय सोडून बोलले असणार,” त्या म्हणाल्या. ज्यांनी बाईंना चहाला बोलावले आहे, त्या सर्वांना हे पटेल.

आता माझ्या चुकीबद्दल. या परीक्षेत समोर एक चिठ्ठी येते, विचार करायला एक मिनिट मिळते आणि मग दोन मिनिटे बोलायचे असते. मुले घाबरत. त्यांची दया येऊन मी तयार उत्तरांची एक फाइल बनवली आणि बाईंना न सांगता माझ्या मुलांना पाठवली. ‘तुमच्यावर प्रभाव पाडणारी वयस्क व्यक्ती’ या विषयावर मी माझ्याच आजोबांविषयी लिहिले होते. त्यांची काजूची बाग, पहाटेचे उठणे, मला दिलेले संस्कार, सगळे त्यात होते. उत्तर झकास जमले होते.

एका रविवारी बाई माझ्या वर्गाची सराव परीक्षा घेत होत्या. पहिल्या मुलाचे आजोबा काजूची बाग राखत होते. दुसरीचेही. तिसरा मुलगा चीनच्या अगदी उत्तरेचा, जिथे हिवाळ्यात नदी गोठते. त्याच्या आजोबांचीही काजूची बाग निघाली. बाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“दिगू, तुझ्या आजोबांची चीनात किती नातवंडां आसत रे?”

आधी त्या पोटभर हसल्या. मी फाइल दाखवली तेव्हा त्यांचे हसणे थांबले. त्याच आठवड्यात लिनची मेल आली. लिन माझी विद्यार्थिनी. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला होता, पण इंग्रजीच्या अटीवर. तिने खऱ्या परीक्षेत माझ्या आजोबांचे उत्तर म्हणून दाखवले. परीक्षकाने सहज विचारले, काजूच्या बोंडाची चव कशी असते? लिनने बोंड जन्मात पाहिले नव्हते. त्यानंतर तिला धड बोलता आले नाही. गुण कमी पडले. मुदतीच्या आत आणखी एकदाच परीक्षा देता येणार होती.

बाईंनी मला बोल लावला नाही. “तिका तू सांग, चूक तुझी आसा म्हणान,” एवढेच म्हणाल्या. मी लिनला सांगितले. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत कठीण वर्ग होता. मग बाईंनी लिनला आपल्याकडे घेतले. पण लिनचे पाठांतर सुटेना. काही विचारले की दुसरे तयार उत्तर बाहेर पडे.

एका दुपारी बाईंकडे नेहमीप्रमाणे मासळी घेऊन सुनंदाकाकी आल्या. बाईंनी त्यांना टोपलीसकट माडीवर नेले आणि स्क्रीनसमोर बसवले. लिनला म्हणाल्या, “या बाईंना इंग्रजी येत नाही. त्या विचारतील त्याचं उत्तर तू मला दे, मी त्यांना सांगेन.” काकींनी लिनकडे नीट पाहिले.

“हिची आवस काय करता गो?” त्यांनी बाईंना विचारले.

बाईंनी प्रश्न इंग्रजीत विचारला. लिन म्हणाली, आई मासे सुकवते. इतक्या महिन्यांत हे तिने आम्हाला सांगितले नव्हते. असले उत्तर परीक्षेला शोभणार नाही, असे तिला वाटत होते.

काकी पुढे सरकल्या. “मग तिका विचारा बाई, पावसात सुकी मासळी खंय ठेवतत? आमच्या बांगड्यांक बुरशी लागता.”

लिन बोलू लागली. मीठ किती, वारा कुठून यायला हवा, आईच्या बोटांना पडलेल्या चिरा, शाळेत मुली वास येतो म्हणून लांब बसत ते. ती अडखळली, चुकली, हातवारे करत पुढे गेली. काकी मधेमधे मान डोलवत होत्या. बाईंनी घड्याळ लावलेच नव्हते. मी दारात उभा होतो आणि मला अकरावीचा वर्ग आठवत होता. डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

लिनने पुन्हा परीक्षा दिली. तिला हवे तेवढेच गुण मिळाले, वर एकही नाही. ती शिकायला गेली. बाईंनी ही बातमी सर्वांत आधी सुनंदाकाकींना सांगितली.

याच बाईंनी माझ्या आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी माझे सगळे वर्ग तीन आठवडे स्वतः घेतले आणि संस्थेला कळूही दिले नाही. मी आभार मानायला गेलो तर त्यांनी एका मुलाचा निबंध तपासायला हातात दिला.

या लेखाचा पहिला मसुदा मी बाईंना दाखवायला नको होता, पण दाखवला. त्याच्या शेवटी ज्ञानयज्ञ होता, दीपस्तंभ होता, शतायुषी होण्याची प्रार्थना होती. बाईंनी चष्मा काढला. “दिगू, परत गाइड बोलता मा रे?”

तो शेवट मी खोडला. बाई, माझ्याच शब्दांत सांगतो. तुमचे गुडघे माडीचा जिना चढू देत. साडेसहाला चष्मा जागेवर सापडू दे. तुम्ही खूप वर्षे जगा, कारण मी अजून अधूनमधून पाठ केलेले बोलतो, आणि ते ओळखणारे तुमच्याशिवाय मला कुणी नाही.