पावणेआठ तोळ्यांचा रॉकर

बोटीचं इंजिन पाण्यात असो नाहीतर किनाऱ्यावर, पाचूबंदरचा युजीन त्याला हात लावायच्या आधी कान लावायचा. डोळे मिटून, मान तिरकी करून इतका वेळ उभा राहायचा की बोट चालवणाऱ्या नवख्या तांडेलाला वाटावं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. मग एकदम डोळे उघडून सांगायचा, "दुसऱ्या सिलिंडरचा टॅपेट ढिला हाय." आणि तो ढिलाच असायचा! तीस वर्षांत हा माणूस कितीदा चुकला ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. त्यातली एक चूक मात्र अशी होती की बाकी सगळ्या तिच्यापुढे पाणी भरतील.

युजीनचा एक सिद्धांत होता. दर्यात जड तेच टिकतं. नांगर जड हवा, शाफ्ट जड हवा, बोल्टसुद्धा कारखान्याने दिला असेल त्याहून एक माप मोठा हवा. कोणी पातळ, नाजूक सुटा भाग आणला की तो हातात उडवून बघायचा आणि म्हणायचा, "हा काय, घड्याळात बसवायचा हाय?" त्याची बायको रोझलीन म्हणायची, लग्नात यांनी मला अंगठी घातली ती पण बोल्टच्या नटासारखी. खोटं नाही. ती अंगठी बघितलेली माणसं अजून आहेत.

सुमेध साळवी त्याला भेटला तो राजोडीच्या रस्त्यावर. आचोळ्यात फ्लॅट, मुंबईत विमा कंपनीत नोकरी, वय अठ्ठावीस, आणि खूळ एकच, शर्यतीचं. एका रविवारी त्याची जुनी पांढरी फिएट रस्त्याकडेला धुसफुसत उभी होती. युजीन कुणाची तरी बोट बघून परतत होता. सायकलवरून न उतरताच तो म्हणाला, "तिसरा सिलिंडर. टॅपेट बघ." सुमेधने झाकण काढून बघितलं आणि तिथल्या तिथे त्याला अंकल करून टाकलं.

त्या वेळी कामणच्या पुढे गोडाऊनसाठी एक माळ सपाट केला होता. मुंबईचा एक मोटर क्लब दर जानेवारीत तिथे मातीवरची शर्यत घ्यायचा. एकेक गाडी एकटीने सोडायची, घड्याळ लावून तीन फेऱ्या. सत्त्याण्णवच्या शर्यतीसाठी सुमेधने फिएटचं इंजिन युजीनच्या शेडमध्ये आणून ठेवलं आणि म्हणाला, "अंकल, हे पळवायचंय."

आता रॉकर म्हणजे काय ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढची सगळी मजा जाईल. इंजिनच्या माथ्यावर बोटभर लांबीचा लोखंडी सी-सॉ असतो. एका टोकाला खालून दांडा ढकलतो, की दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबून उघडतं. मग स्प्रिंग त्या व्हॉल्व्हला परत वर खेचून बंद करते. फिएटमध्ये असे आठ. गाडी जोरात पळवायची तर हे आठ जण धडधाकट हवेत, एवढं युजीनला बरोबर कळलं होतं. म्हणून त्याने मूळचे रॉकर काढले आणि वसईच्या एका गाळ्यात जाड पोलादातून नवे कापून आणले. एकेक असा की मारला तर माणूस आडवा होईल.

सुमेधने एक रॉकर हातात तोलून विचारलं होतं, "अंकल, जड नाही ना होणार?"

"जड? अरे, जड हाय म्हनून तर टिकंल!"

पाचूबंदरातून तीस माणसं मासळीच्या टेम्पोत बसून कामणला गेली. आपल्या युजीनची गाडी पळणार म्हणून! पहिली फेरी झकास झाली. दुसरीही बरी गेली. तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर सुमेधने पाय दाबला आणि इंजिन एकदम फटफटायला लागलं, ठसका लागल्यासारखं. मग खण्‌ असा आवाज आला आणि फिएट धुळीत थांबली. झाकण उघडलं तर एक दांडा वाकलेला, आणि आतमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटलेला.

युजीनने तो आवाज लांबूनच ऐकला होता. त्याच्या कानाला सगळं कळलं होतं. बोटीचं इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्या मारतं, तिथे जाड रॉकरला आरामात यायला-जायला वेळ मिळतो. फिएट सहा हजारांवर गेली की तोच धोंडा सेकंदाला पन्नास वेळा उठायचा आणि पन्नास वेळा बसायचा. एवढं वजन स्प्रिंगला परत ओढवेना. व्हॉल्व्ह उघडाच राहिला आणि वर येणाऱ्या पिस्टनने त्याला गाठलं.

माइकवाला निवेदक धावत आला. "काय झालं, साळवी?"

सुमेधने मागे बघितलं. मागे युजीन उभा होता आणि युजीनच्या मागे तीस माणसं. सुमेध म्हणाला, "माझंच चुकलं. चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला. इंजिन भलतंच फिरलं."

युजीनने तोंड उघडलं आणि मिटलं. बस्स, तेवढंच. त्या दोन क्षणांत तो बोलला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण मागे सगळा गाव उभा होता हो! घरी परतताना टेम्पोत सगळे म्हणत होते, युजीनचं इंजिन सोन्यासारखं होतं, त्या पोराने वाट लावली. आणि युजीन खाली मान घालून ऐकत होता.

पुढे त्या पोराचं नावच 'दुसरा गिअर' पडलं. क्लबची टीम नाशिकच्या शर्यतीला निघाली तेव्हा त्यांनी सुमेधला यादीतून काढलं. ज्याला गिअर कळत नाही, त्याला न्यायचं कशाला? सुमेध हसून म्हणाला, "जाऊ दे अंकल, पुढच्या वर्षी बघू." पण यादी बघून आल्यावर तो शेडमध्ये बराच वेळ नुसताच टायरवर बसून होता, ते युजीनने बघितलं होतं.

रोझलीनपासून काय लपणार? तिने विचारलं तेव्हा युजीनने खरं ते सांगितलं आणि वर म्हणाला, "जाऊ दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तुजी झाकली," रोझलीन कोळंबी सोलता सोलता म्हणाली, "पन लाख त्या पोराचे गेले."

 युजीन उठून किनाऱ्यावर गेला आणि त्या रात्री जेवला नाही.

मार्चमध्ये त्याचा मेहुणा आलोशियस याच्या होडीचं वल्हं मोडलं. युजीन नवीन तासायला बसला. हे काम त्याला बापाने शिकवलं होतं. मूठ जड ठेवायची, पान पातळ तासायचं. पान जड राहिलं तर दहा हेलकाव्यांत खांदा जातो. मुठीकडचं वजन मात्र माणसाला जाणवतसुद्धा नाही. पानावरून हात फिरवता फिरवता युजीन थबकला. बसल्या जागी त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"रोझ! अगं, रॉकर म्हंजे वल्हंच की गं!"

रोझलीनने खिडकीतून बघितलं. तिला वाटलं, याला ऊन लागलं.

पण तो बरोबर होता. रॉकरही मध्ये टेकलेला असतो आणि टोकाने काम करतो. मध्याजवळ कितीही लोखंड ठेवा, फार बिघडत नाही. टोकाला, जिथे तो व्हॉल्व्हवर बसतो, तिथला एकेक ग्रॅम स्प्रिंगला झोंबतो. सगळं आयुष्य वल्ही तासणाऱ्या माणसाने ही चूक करावी! युजीनला स्वतःची इतकी लाज वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की त्याने आलोशियसचं वल्हं अर्धवट टाकून शेड गाठली.

एव्हाना सुमेधने मुंबईच्या एका दुकानातून ॲल्युमिनियमचे परदेशी रॉकर बघायला आणले होते. टोकाला छोटं चाक, रंग निळा, दिसायला राजबिंडे. शिवाय ते व्हॉल्व्ह जास्त खोल उघडायचे, म्हणजे इंजिनात हवा जास्त. युजीनने या वेळी नुसत्या अंदाजाने काही ठरवलं नाही. त्याने रोझलीनकडून तांदळाच्या रोटीचं मळलेलं पीठ मागून घेतलं, तेलाचा हात लावून त्याचा गोळा पिस्टनच्या डोक्यावर थापला, वर इंजिनचा माथा म्हणजे हेड बसवून नवे रॉकर लावले आणि इंजिन हाताने सावकाश दोनदा फिरवलं. मग हेड उचलून बघितलं. व्हॉल्व्हने पिठात खळगा पाडला होता आणि खळग्याच्या तळाशी पिस्टन उघडा दिसत होता.

"बघ. कागदाएवढी पन जागा नाय. जोरात गेलास की परत आपटला."

"म्हणजे एवढे भारी रॉकर फुकट?"

"रॉकर चांगले हायत. दुसऱ्या इंजिनाला. आपल्याला नाकापेक्षा मोती जड."

शेवटी निवड झाली ती फिएटच्या मूळच्या रॉकरांची. युजीनने ते आठही काढले, व्हॉल्व्हकडची टोकं कानशीने तासली, मधल्या शाफ्टजवळ बोटही लावलं नाही. नंतर बारीक पॉलिश पेपरने असे घासले की ओरखडा राहू नये. कारण जाळ्याचा एक धागा तुटला की भगदाड तिथूनच वाढतं आणि लोखंडाचंही तसंच असतं. स्प्रिंगांखाली एकेक पातळ वॉशर घातला, जोर थोडा वाढावा म्हणून. जास्त नाही, नाहीतर खालचा, दांडे ढकलणारा कॅम झिजतो. मग पुन्हा पीठ लावून बघितलं. खळग्याखाली दोन मिलीमीटर पीठ शिल्लक राहिलं. त्याने ते रोझलीनला नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "छान. आता हे कोंबड्या पन खानार नाय."

राहिला प्रश्न वजनाचा. आठही सारखे हवेत आणि बाजारातल्या तराजूला एवढं बारीक कळत नाही. तेव्हा रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर युजीन कोट-टोपीसकट वसईगावात शांतारामशेठ सोनाराच्या पेढीवर गेला आणि गादीवर रॉकर बांधलेला रुमाल सोडला.

"काय मोडायला आणलंस?" शेठनी चष्मा वर केला.

"सोनं नाय, शेठ. लोखंड. तोलून द्या."

शेठनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. पण त्या घासलेल्या लोखंडाची चकाकी बघून त्यांचा हात आपोआप तराजूकडे गेला. कारागिराला कारागिरी कळते. भंगारातून आणलेला, न तासलेला रॉकर भरला नऊ तोळे, शर्यतीतला जाड धोंडा चौदा तोळे आणि तासलेला पावणेआठ. आठातला एक गुंजभर जड निघाला. युजीनने तो घरी नेऊन पुन्हा घासला आणि परत आणला. असे त्याने चार रविवार काढले. चौथ्या रविवारी काटा आठही वेळा एकाच जागी थांबला, तेव्हा शांतारामशेठ म्हणाले, "चाळीस वर्षं सोनं तोलतोय, लोखंडाचा असा लाड नाही बघितला."

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत, शर्यतीच्या सकाळी युजीनने रोझलीनला सांगितलं, "एकदा जिंकू दे. मग सगळ्यांसमोर सांगतो, गेल्या वर्षीची चूक माजी."

"आनि हरला तर?"

युजीन पान्यांची पेटी टेम्पोत चढवायला लागला.

"म्हंजे जिंकलास तर खरा, नाय तर खोटाच ऱ्हानार?" एवढं बोलून ती टेम्पोत चढून बसली. या वेळी तीही आली होती.

कामणच्या माळावर गर्दी दुप्पट होती. सुमेधची पाळी आली आणि निवेदकाने माइकवर पुकारलं, "आता येतायत आपले साळवी! साळवीसाहेब, यंदा गिअर पाठ करून आलात ना?" माळभर हशा पिकला. हेल्मेट घालता घालता सुमेधही हसला, पण त्याचे कान लाल झालेले युजीनला दिसले.

युजीन सरळ टेबलाशी गेला आणि निवेदकाच्या हातातून माइक काढून घेतला.

"मी युजीन. पाचूबंदरचा. या गाडीचा मिस्त्री," तो म्हणाला.  "गेल्या सालाला या पोराने गिअर चुकवला नवता. रॉकर माजा चुकला." त्याने खिशातून तो चौदा तोळ्यांचा धोंडा काढून टेबलावर आपटला. "हा बगा. बोटीच्या हिशेबाने केला, मोटारीत मोडला. पोराने मना वाचवायला खोटं सांगितलं आनि मी शेळपटासारखा वर्षभर गप्प ऱ्हायलो. आता नवे रॉकर बी माजेच हायत. आज काय मोडलं तर मना हसा. त्याला नाय."

 टेम्पोतली तीस माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. युजीनने माइक परत दिला आणि दोरीजवळ येऊन उभा राहिला.  रोझलीन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

फिएट सुटली. युजीनने डोळे मिटले आणि मान तिरकी केली. पहिली फेरी, दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला सरळ पट्टा आला तसा सुमेधने पाय दाबला. पाच हजार. साडेपाच. गेल्या वर्षी इथेच ठसका लागला होता.  पण आवाज चढतच गेला, स्वच्छ, एकसारखा, आठही रॉकर एका सुरात. सहा हजार! सहाच्या वर! त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

छोट्या गाड्यांमध्ये सुमेध पहिला आला, चार सेकंदांनी. गाडीतून उतरल्यावर तो कपाकडे गेलाच नाही. दोरी ओलांडून आला आणि सगळ्या माळासमोर युजीनच्या पाया पडला. "अंकल, सांगायची काय गरज होती?"

"गरज तुला नवती रे. मना होती."

नाशिकच्या यादीत त्या वर्षी सुमेधचं नाव पहिलं होतं. आणि पाचूबंदरातल्या लोकांना वाटलं होतं की आता युजीनकडची गिऱ्हाइकं पांगणार. झालं उलटंच. जो आपली चूक माइकवरून सांगतो, तो आपल्या इंजिनाबद्दल खोटं कशाला सांगेल, असा सरळ हिशेब तांडेलांनी केला. अर्नाळ्याच्याही बोटी त्याच्याकडे यायला लागल्या.

कप आचोळ्याला सुमेधच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीवर आहे. युजीनच्या शेडमध्ये दाराशी एका खिळ्याला तो चौदा तोळ्यांचा रॉकर टांगलेला असायचा. कुणी नवीन माणूस आला आणि त्याने विचारलं, "हा कशाचा?" की युजीन हातातलं काम ठेवायचा, छाती पुढे काढायचा आणि सांगायचा, "हा माजा."