उलटा नवस

देवीने माझं ऐकलं, आणि तिथूनच माझ्या दुःखाला सुरुवात झाली. लोक देवाने ऐकलं नाही म्हणून रडतात. माझं गाऱ्हाणं नेमकं उलटं होतं आणि ते कुणापुढे बोलायची सोय नव्हती. या गोष्टीला आता चार वर्षं झाली. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा कागद चुलीत घातले. आता मात्र जे झालं ते जसंच्या तसं सांगते. त्यात मी चांगली दिसत नाही, पण त्याला इलाज नाही.

अंबडला मुलींच्या शाळेत मी मास्तरीण. आमचे हे कोर्टात कारकून होते. दिवसभर दाव्यांचे कागद आणि संध्याकाळी नाटकाचं वेड. गणपतीत गावात नाटक बसायचं, त्यात पदं असली की यांना बोलावणं ठरलेलं. मंदा आमची एकुलती एक. ती बारा वर्षांची असताना हे काविळीने गेले, पण तोवर त्यांनी आपली सगळी पदं तिला शिकवून ठेवली होती. तिचा आवाज नुसता गोड होता असं मी म्हणणार नाही, गोड गळ्याच्या मुली पुष्कळ असतात. तिचा आवाज भरीव होता. अंगणात भांडी घासताना गायली तर गल्लीच्या तोंडाशी ऐकू जायचं आणि जाणारा माणूस सायकलवरून उतरून चालू लागायचा.

मॅट्रिक झाल्यावर ती म्हणाली, "आई, जिथं संगीत नाटक शिकवतात, तिथंच मला जायचंय." त्यासाठी परीक्षकांपुढे उभं राहून पद म्हणावं लागे, उतारा म्हणून दाखवावा लागे, मग निवड. मी लगेच हो म्हटलं. इतकं लगेच, की तिलाही नवल वाटलं. हो म्हणण्याशिवाय करणार काय, तिच्या वडिलांच्या फोटोला अजून रोज हार होता. पण मनात वेगळंच चाललं होतं. विधवेची पोर नाटकात तोंड रंगवणार, मग हिला मागणी कोण घालणार? शेजारपाजार काय काय बोलेल, हे मी मनातल्या मनात सगळं ऐकून घेतलं.

पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी गावच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर गेले. देवीपुढे हात जोडले आणि मनात बोलले, "माये, हिची निवड होऊ देऊ नको. हिरव्या लुगड्याने तुझी ओटी भरीन." बोलून गेले आणि क्षणभर हलकंही वाटलं. मुलीला तोंडाने नाही म्हणायचं धाडस नव्हतं, ते काम मी देवीवर ढकललं. घरी येऊन मी मंदासाठी दशम्या केल्या आणि घशाला ज्येष्ठमध कुटून ठेवला.

पहिली परीक्षा जालन्याला होती. एस.टी.त ती खिडकीशी बसून ओठ हलवत होती आणि मी तिच्या वेणीचा पेड नीट करत होते. कॉलेजात मला बाहेरच्या बाकावर बसवलं. अर्धवट उघड्या दारातून तिचा आवाज येत होता. मी डोळे मिटून हात जोडले. त्या मिटल्या डोळ्यांनी मी काय मागत होते, ते आता सांगायला नको. आठवड्याने फळ्यावर यादी लागली, ती बघायला दोघी पुन्हा गेलो, तर तिच्यात मंदाचं नाव नव्हतं. ती म्हणाली, "जाऊ दे आई, पहिलीच वेळ आहे." परतीच्या गाडीत मीच तिची समजूत घालत होते, आणि माझी मलाच लाज वाटत होती.

दुसरी परीक्षा औरंगाबादच्या एका कॉलेजात. तिथे मंदाला दुसऱ्याच ओळीला "बस, पुरे" म्हणून थांबवलं. बाहेर आली ती खाली बघत. उन्हात स्टँडवर आलो, तिथे नळाचं पाणी पीत ती म्हणाली, "एक सांगू? तू बाहेर डोळे मिटून बसतेस ना, ते मला दारातून दिसतं. मंग आत भीती वाटत न्हाई." मी पदराने तोंड पुसलं. पाणी माझ्या तोंडावर नव्हतं, तिच्या होतं.

याच वेळी मी नवस मागे घ्यायला हवा होता. घेतला नाही. उलट तिसऱ्या वेळी मी जे केलं, ते लिहिताना आजही हात थांबतो. तिसरी परीक्षाही औरंगाबादलाच, पण नाटकाचं रीतसर शिक्षण देणाऱ्या ठिकाणी. पहिल्या फेरीत मंदा निवडली गेली. दुसऱ्या फेरीला ती आत असताना एक पांढऱ्या केसांचे परीक्षक पान खायला बाहेर आले आणि मला म्हणाले, "तुमची मुलगी का? तयार आहे हो पोरगी." ते आत गेले आणि मी घाबरले. दुसऱ्या कुठल्याही आईने तिथेच साखर वाटली असती. मी त्याच बाकावर नवस वाढवला. नुसती ओटीच नाही, माये, पाच मंगळवार अनवाणी येईन. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की लोकांची भीती हे निमित्त होतं. ही गेली की त्या घरात मी आणि घड्याळ, दोघंच उरणार होतो. एवढंच खरं होतं.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. निवड होऊ शकली नाही, असं दोन ओळींत होतं.

मंदा रडली नाही. कार्ड तिने दोनदा वाचलं, घडी करून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलं आणि भाजी चिरायला बसली. त्या दिवसापासून तिने गाणं सोडलं. ठरवून सोडलं असंही नव्हे, ते आपोआप गळून पडल्यासारखं झालं. बोलणंही कमी झालं. विचारलं तेवढंच उत्तर, तेही इतक्या बारीक आवाजात की दोनदा विचारावं लागे. शेजारच्या काकूंनी एक स्थळ सुचवलं तेव्हा म्हणाली, "आई म्हणेल तसं." मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पोर घरात होती, लोकांची तोंडं बंद होती, लग्नाला तयार होती. आणि घरात मात्र मयताच्या घरासारखी शांतता. जेवायला समोरासमोर बसायचो तेव्हा तिचं ताट बघवत नसे. कोपऱ्यात चिवडलेली भाकरी तशीच पडलेली असे.

नवस फेडायचा राहिला होता. फेडला नाही तर आणखी काही होईल ही भीती, आणि फेडला तर मुलीचं वाटोळं झालं म्हणून देवीचे आभार मानल्यासारखं. दोन्हीकडून अडकले. शेवटी श्रावणात चार मंगळवार एकटीच अनवाणी जाऊन आले. पाचव्या मंगळवारी लुगडं, खण, नारळ ताटात घेतलं तर मंदा उठली. "मी धरते ताट."

पायऱ्या चढताना ती म्हणाली, "तू माझ्यासाठी नवस बोलली होतीस, मला माहीत होतं. पण निवड झालीच न्हाई, मंग फेडतेस कशाला?"

मी म्हटलं, "देवीचं ठेवू नये, बाई."

चार पायऱ्या चढून ती म्हणाली, "तिनं दिलं न्हाई तरी तू देतेस. माझ्यानं न्हाई होणार असं." तिला माझं कौतुक वाटत होतं. त्या वेळी पायाखालची पायरी सरकली असती तर बरं झालं असतं.

तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांची एक रीत होती. नवस फेडायला आलेल्या माणसाला ते विचारत, काय मागितलं होतं आणि काय मिळालं, आणि ते मोठ्याने वदवून घेत. त्यांना ऐकू कमी यायचं. इतकी वर्षं ही रीत मला ठाऊक होती, आणि मंदाला सोबत घेताना मी ती विसरले. विसरले की कुणी विसरायला लावलं, मला सांगता येत नाही.

"बोला बाई, काय मागितलं होतं?" पुजारी म्हणाले.

मी ताटातला नारळ उगाच सरळ केला. मागे बायांची रांग. मंदा ताट धरून माझ्या शेजारी. "मोठ्यानं बोला, मला ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. खोटं बोलणं सोपं होतं, चार शब्दांचं काम. जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. खरबरीत, कामाचा हात होता, चोळीच्या कापडातून जाणवला. "बोल गं बाई," एक बाई अगदी सहज म्हणाली, "आईपुढं काय लाजायचं? मी बी असंच काळं तोंड घेऊन आल्ते एकदा."

आणि मी बोलले. मोठ्याने बोलले. हिची निवड होऊ नये म्हणून मागितलं होतं, तीनदा मागितलं, आणि झाली नाही.

पुजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मंदाकडे पाहिलं. मग ते ताट त्यांनी हाताने मागे सारलं. "चाळीस वर्षं हितं बसून राह्यलो, बाई. लेकराचं वाईट मागितलं की ही बहिरी होते. हा नवस तिनं घेतलाच न्हाई, तर फेडता काय? लुगडं उचला."

मी वळले. पाठीवर हात ठेवणारी बाई दिसली नाही. रांगेत सगळ्या ओळखीच्या, अंबडच्याच होत्या. गर्दी होती, दर्शन घेऊन पुढे गेली असेल. कुणाला विचारायला जीव थाऱ्यावर नव्हता, कारण मंदा दाराबाहेर निघून गेली होती.

पायऱ्यांवर तिला गाठलं. तिने ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळली. "मी आत गाऊन राह्यले होते, आणि तू बाहेर बसून हे मागून राह्यली होतीस? तीन वेळा? आणि मी मनातल्या मनात तुझ्याकडं बघून उभी राहत होते!" अख्ख्या टेकडीवर ऐकू गेलं. खाली फुलं विकणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. ती ओरडत राहिली, मला नको नको ते बोलली, आणि मी रडत होते. पण खरं सांगते, ते रडणं निव्वळ दुःखाचं नव्हतं. दोन महिन्यांनी तिचा आवाज आला होता. पुरा, भरीव, बापाने घडवलेला. मला वाटलं होतं, तो मी मारून टाकला.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तांदूळ निवडताना तिने विचारलं, "लोकांना भिऊन केलंस?" मी म्हटलं, "आधी मलाही तसंच वाटलं. पण मी एकटी पडले असते, म्हणून." ती खडे वेचत राहिली. "मंग तसं म्हणायचं होतं," एवढंच म्हणाली. त्या दिवशी पुरती माफी मिळाली असं नाही. ती हळूहळू मिळाली, आणि अजूनही थोडी बाकी असावी.

पुढच्या जूनमध्ये तिने परत अर्ज भरला. म्हणाली, "या वेळी तू येऊ नको." मी दशम्या बांधून दिल्या आणि एकटी टेकडीवर गेले. हात जोडले तेव्हा सवयीने मागणं ओठांवर आलं. या वेळी चांगलंच मागणार होते. मग वाटलं, चांगलं मागितलं तरी ती माझीच ढवळाढवळ. काही न बोलता उभी राहिले. इतका वेळ देवीपुढे नुसतं उभं राहायची माझ्या जन्मातली ती पहिलीच वेळ. खाली उतरले तेव्हा मन मोकळं होतं. ते देवीनेच दिलं, असं मी मानते, आणि त्यासाठी मी तिची आजन्म ऋणी आहे.

निकालाच्या दिवशी मंदा एकटीच औरंगाबादला गेली. दुपारच्या गाडीने येणार म्हणून मी स्टँडवर थांबले. ती उतरली आणि चालण्यावरूनच कळलं. या वेळीही निवड झाली नव्हती.

माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती सगळ्यांदेखत रडली. गेल्या वर्षी एकदाही रडली नव्हती. मग नाक पुसून तिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"आई, या वेळी तू काही मागितलं न्हाईस ना?"

"न्हाई गं. काहीच न्हाई."

"खरं?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

तिने पिशवी खांद्यावर टाकली. "मंग बरं झालं," ती म्हणाली. "मंग हा नकार माझा एकटीचा आहे. याचं मी बघते."