एकतिसावा दाब

रुग्णवाहिकेवरच्या सहायकाचं कार्ड दोन वर्षं चालतं. माझं संपायला अकरा दिवस उरले होते. कार्ड संपलं की गाडीच्या मागच्या दारातून आत चढता येत नाही. मग भांडारात बसून सलाइनच्या बाटल्या मोजायच्या. बाटल्या मी उत्तम मोजल्या असत्या, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. पण चौदा वर्षं गाडीवर काढल्यानंतर सत्तेचाळिसाव्या वर्षी मला बाटल्या मोजायच्या नव्हत्या.

परीक्षेचे दोन भाग. लेखीत पन्नासपैकी शेहेचाळीस पडले, आणि उरलेले चार कुठे गेले तेही मला ठाऊक आहे. खरी गोष्ट दुसऱ्या भागाची, म्हणजे बाहुलीची. बाहुलीला कमरेखाली काही नसतं, पण छाती असते आणि त्या छातीत यंत्र असतं. हृदय बंद पडलेला माणूस समजून आपण तिची छाती दाबायची, साथीदारानं तोंडावर मास्क धरून हवेचा फुगा दाबायचा. तीस दाब, मग दोन श्वास, असं पाच वेळा. म्हणजे दीडशे दाब, दहा श्वास. दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल, वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस. सगळं यंत्र मोजतं आणि शेवटी कागदावर छापून देतं. मला ही व्यवस्था फार आवडायची. माणूस तोंड बघून गुण देतो, यंत्र देत नाही.

तयारी मी घरीच केली. रिसोडच्या आमच्या घरात बाहुली कुठून येणार? गादीची वळकटी केली, दोरीनं बांधली आणि सतरंजीवर ठेवली. बायकोला घड्याळ देऊन समोर बसवलं. मोजायचं तिनं, दाबायचं मी. सलग नऊ दिवस, रोज सकाळी पाच आवर्तनं.

"गादी वाचली तं वाचली," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पन तुमचाच दम निंगून राह्यला."

"तू आकडे चुकवू नको."

"मी काहून चुकवीन? तिसापर्यंत मले येते. पुढचंही येते."

नवव्या दिवशी तिनं गादी उचलून उन्हात टाकली आणि सांगितलं की आता ही गादी काही बरी व्हायची नाही, तुमी वाशीमले जा.

वाशीमला आम्ही गाडी घेऊनच गेलो. आम्ही म्हणजे मी आणि आमचा पायलट. रुग्णवाहिकेच्या चालकाला आमच्यात पायलट म्हणतात, आणि आमचा तर स्पीडब्रेकरवर खरोखरच उडवतो. त्याची परीक्षा मागच्याच महिन्यात झाली होती. माझ्या परीक्षेत फुगा दाबायला साथीदार म्हणून तो आला. परीक्षक बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या डॉक्टरीणबाई होत्या, वय फार तर तीस. त्यांनी मला पहिल्याच वाक्यात काका म्हटलं. ते मी सोडून दिलं.

"काका, मोठ्यानं मोजा. सुरू."

मी सुरू केलं. एक, दोन, तीन. हात सरळ, कोपर ताठ, नजर समोर. तीस झाले की पायलट फुगा दाबायचा, मग पुन्हा मी. पाच आवर्तनं संपली तेव्हा घामानं सदरा पाठीला चिकटला होता आणि मी मनातल्या मनात पास झालो होतो.

बाईंनी कागद पाहिला. "श्वास दहा हवेत. पाचच आत गेलेत."

मी पायलटकडे पाहिलं. फुगा त्याच्या हातात होता, तेव्हा चूक कोणाची हे उघड होतं.

"काय रे, मास्क घट्ट धरता येत नाही तुले?"

"धरला होता न भाऊ."

"मंग अर्धी हवा गेली कोठी? मागच्या महिन्यात पास कसा झाला तू?"

भांडण आलं की तो पुडीतून चिमूटभर बडीशेप काढून खातो, तशी त्यानं खाल्ली.

"साथीदाराचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला आणि पेनानं दाखवलं. एकतीस. एकतीस. एकतीस. एकतीस. एकतीस. एकूण एकशेपंचावन्न. "तुम्ही तीस म्हणता, तो फुगा दाबतो, आणि तेवढ्यात तुम्ही आणखी एक दाब देता. छाती दबलेली असताना हवा आत कशी जाणार? प्रत्येक वेळी पहिला श्वास वाया."

"मॅडम, यंत्र तपासून घ्या. मी मोजण्यात चुकत नाही."

"मोजण्यात नाहीच चुकला. तीसच म्हणालात." त्यांनी घड्याळ पाहिलं. "आज आणखी एक संधी आहे, चार वाजता. त्यातही राहिलात तर पुढची तुकडी तीन महिन्यांनी."

तीन महिने म्हणजे भांडार. मी बाहेर आलो. पायलटची माफी मागायला हवी होती, पण आधी हा एकतिसावा आला कुठून ते शोधायचं होतं. बायकोला फोन लावला.

"झाले का पास?"

"ते सांगतो. मी घरी किती दाबत होतो?"

"तीस."

"नीट आठव."

"तीस. आन एक वरचा."

"वरचा म्हणजे?"

"वरचा म्हणजे वरचा. मी तीस म्हनलं का तुमी आणखी एक देत होते."

"आन तू नऊ दिवसांत एकदाही बोलली नाही?"

"त्यात काय बोला लागते? मोजून झाल्यावर वरचा द्याच लागते न. मले वाटलं, तुमच्या त्या बाहुलीलेही लागत असन."

मी फोन ठेवला. माझे वडील खळ्यावर ज्वारी मोजायचे तेव्हा पायल्या पुऱ्या झाल्या की वर एक ओंजळ टाकायचे. ती मोजात धरायची नाही आणि तिचा आकडाही उच्चारायचा नाही. बायकोचं माहेर धनजकडचं, तिथंही हेच. ती पापड मोजून देते तेव्हा शेकड्यावर दोन जातात आणि शंभरच म्हणते. नुसतं मोजाइतकं देणं आमच्याकडे कंजूसपणात जमा होतं. आणि मी, आयुष्यभर आकड्यांचा चोख म्हणवून घेणारा, मेलेल्या माणसालासुद्धा वरचा एक देत होतो.

पायलटला सगळं सांगितलं. आधी माफी, मग कारण. माफीकडे त्यानं लक्षच दिलं नाही, कारणावर मात्र गाडीच्या बोनेटला टेकून हसला.

मग गाडीतल्या स्ट्रेचरवर उशी ठेवून मी तिसाला थांबायचा सराव केला. पाचपैकी तीन वेळा वरचा गेलाच. मनात थांबायचं ठरवलेलं असायचं, पण हात थांबत नव्हते. पावणेचार वाजले.

"भाऊ, एक सांगू?" पायलट म्हणाला. "तुमी एकोणतीसच मोजा. वरचा धरून तीस होतेत. तुमी एकोणतीस म्हनलं का मी एक दाब जाऊ देतो, मंग फुगा."

"म्हणजे खोटं मोजू?"

"खोटं कायले? दाब तं खरेच तीस पडतीन."

"तोंडानं एक अन् हातानं एक?"

"आताही तेच करून राह्यले न तुमी!"

चार वाजता मी पुन्हा बाहुलीजवळ गुडघे टेकले. एकोणतीस म्हणताना प्रत्येक वेळी जीभ पुढच्या आकड्याला हपापायची, ती दातांखाली धरली. हात मात्र खुशाल होते. त्यांनी आपला वरचा एक दिला आणि थांबले. पायलटनं फुगा दाबला. छाती वर आली.

कागद आला. तीस, पाच वेळा. दाब दीडशे, श्वास दहा.

बाईंनी सहीसाठी पेन उघडलं. मला गप्प राहता आलं असतं. पायलट मागून माझा सदरा ओढत होता.

"मॅडम, नोंद खरी असावी म्हणून सांगतो. मी एकोणतीसच मोजले."

"ऐकलं मी." त्यांनी पेन थांबवलं. "का?"

मी खळं सांगितलं, ओंजळ सांगितली, गादी आणि पापडही सांगितले. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग पेनाचं टोपण तोंडावर धरलं, पण डोळ्यांतलं हसू काही लपलं नाही.

"काका, पेशंटला किती मिळाले?"

"तीस."

"हवा गेली?"

"गेली."

"मग सही करू की नको?"

"करा," मी म्हणालो.

कार्ड हातात आलं. नाव, जन्मतारीख, मुदत असं सगळं दोनदा वाचून मी ते खिशात ठेवलं. आम्ही रिसोडच्या रस्त्याला लागतो न लागतो तोच गाडीतला फोन वाजला. वाटेवरच्या एका गावात मळणीयंत्रावरून एक माणूस पडला होता. पायलटनं फोन घेतला. पलीकडून विचारलं, गाडीवर सहायक आहे का?

"हाय न," तो म्हणाला. "बसलाय मांग."

मी अजून पुढंच, त्याच्या शेजारी बसलो होतो. त्यानं गाडी कडेला घेतली. मी उतरलो, मागचं दार उघडलं आणि आत चढलो.