केप व्हर्देच्या नावचं गाऱ्हाणं

गोव्यातल्या हळर्णच्या बाबलीनं जवळच्या तुयेच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं खोक्यांवर पत्ते लिहिले. आता तिथे यंत्र चिठ्ठ्या छापतं आणि बाबली घरी बसून चार वर्षं झाली. तरी अपुरा पत्ता दिसला की त्याचा जीव अजून वरखाली होतो. लग्नपत्रिका आली की तो आधी पिनकोड बघतो, मग नवरा-नवरी.

ह्याच सवयीमुळे वाड्यावर, म्हणजे त्याच्या वस्तीत, त्याला मान मिळाला होता. शिवेवर फणसाखाली राखणदाराची घुमटी आहे. राखणदार म्हणजे वाड्याचा रखवालदार देव. तो काठी टेकत सगळी शीव फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, असं सगळे मानतात. म्हणून भात घरात आलं की डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी त्याला वहाणांचा नवा जोड आणि तांदळाचा जाड रोट ठेवायचा. त्याच वेळी ज्याचं जे मागणं असेल ते एकजण मोठ्यानं गाऱ्हाण्यात घालून सांगतो आणि बाकीचे वाक्यावाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. हे सांगण्याचं काम एकोणीस वर्षं बाबलीकडे होतं.

आधीचा सांगणारा नुसतंच "दुबयच्या झिलाचा बरा कर" म्हणून मोकळा व्हायचा. बाबलीनं पहिल्याच वर्षी इमारतीचं नाव, मजला आणि "लिफ्ट बंद आसा, जिन्यान चढ" इथपर्यंत सांगितलं. लोकांना ते एकदम पटलं. दुबईत काय एकच पोरगा आहे? भलत्याच कुणाचं बरं होऊन बसायचं.

बाबलीचं दुसरं वेड फुटबॉल. तरुणपणी तो वाड्याच्या संघाचा गोलकीपर होता. कापणी झालेल्या मळ्यात पोफळीचे दोन सोट रोवले की गोल तयार. त्या संघानं एकदाच तालुक्याच्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली, तीही समोरच्या संघाचा टेम्पो बंद पडला म्हणून. त्या काळी पंच होता शेजारचा महादेव. पुढे तो पेडणे-म्हापसा बसवर ड्रायव्हर झाला, पण शिट्टी कायम खिशात. बाबलीच्या अंगावर त्यानं दिलेली एक पेनल्टी होती आणि ती चाळीस वर्षं दोघांच्याही लक्षात होती.

दोन हजार चोवीसच्या जूनमध्ये आपला देश कतारकडून हरला आणि वर्ल्ड कपच्या वाटेवरून बाहेर पडला. त्यातला एक चेंडू रेषेबाहेर गेला होता, असं अख्ख्या वाड्याचं मत पडलं. महादेवानंसुद्धा शिट्टी वाजवून ते जाहीर केलं. वाड्यावरचे बाकीचे लोक लगेच आपापल्या पोर्तुगाल-अर्जेंटिनाकडे वळले. बाबली दोन दिवस नीट जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं सुनेला हाक मारली. समीक्षा पेडण्याला एका कचेरीत कारकून आहे. घरातले सगळे फॉर्म तीच भरते.

"समीक्षा बाय, फोनात बघ. वर्ल्ड कपासाठी धडपडता असो सगळ्यात ल्हान देश खंयचो?"

समीक्षेनं शोधून शोधून केप व्हर्दे काढला. त्याहून लहान देशही धडपडत होते, पण बाबलीला तिथेच थांबावंसं वाटलं. समुद्रातली दहा बेटं, वस्ती पाच लाखांच्या आसपास.

"म्हणजे गोव्याचा तिसरा हिस्सा, बाबा."

बाबलीनं बोटांवर हिशेब केला. पेडणे, डिचोली, सत्तरी आणि वर बार्देस घातलं की साधारण तेवढी माणसं. म्हणजे एवढ्या चार तालुक्यांतून अकरा जण काढून वर्ल्ड कपला पाठवायचे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि पोर्तुगीज तिथून पंच्याहत्तर साली गेले. आपल्यानंतर चौदा वर्षांनी."

"मगे धाकटो भाव झालो आपलो," बाबली म्हणाला, आणि त्या दिवसापासून घरात त्या संघाची विचारपूस सुरू झाली. सामने इथल्या हिशेबानं भलत्याच वेळी व्हायचे. म्हणून सकाळी पाववाल्या पोदेराचे उंडे आणि निकाल असे दोन्ही चहाबरोबर यायचे. त्याच आठवड्यात कॅमेरूननं त्यांना चार गोल घातले होते हे कळल्यावर बाबलीनं अर्धा उंडा खाली ठेवला. बायको चंद्रावतीनं तो उचलून आपल्या चहात बुडवला.

"तुमच्या ओळखीचे तरी आसत काय ते?" तिनं विचारलं.

"ओळख वाढता हळूहळू," बाबली म्हणाला.

आणि खरंच वाढली. ह्या संघाची गंमत अशी, की अर्धे गडी बेटांवर जन्मलेलेच नाहीत. आईबाप, आजे पोटासाठी बाहेर पडले, त्यांची पोरं कुणी हॉलंडात, कुणी फ्रान्सात वाढली. संघानं ती शोधून शोधून गोळा केली. एक तर आयर्लंडातला. त्याला नोकऱ्यांच्या साइटवर पोर्तुगीजमध्ये निरोप गेला, तो त्यानं कचरा समजून कित्येक महिने वाचलाच नाही. हे ऐकून बाबली इतका हळहळला, जणू खोक्यावरचा पत्ता त्यानंच चुकवला होता.

डिसेंबरचा पहिला रविवार आला. वाड्यावरची मागणी सांगून झाली. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या विहिरीचा पंप. सगळे उठणार, तेवढ्यात बाबलीनं पुन्हा हात जोडले.

"बा राखणदारा, आज एक गाऱ्हाणा केप व्हर्देच्या फुटबॉल संघाचा."

"व्हय म्हाराजा," लोक सवयीनं म्हणाले.

"मुक्काम आफ्रिकेच्या पश्चिमेक, समुद्रात साडेपाचशे किलोमीटर, दहा बेटां, राजधानी प्राया."

"व्हय म्हाराजा."

"कॅमेरूनान तेंका चार गोल घातले, ता तुका म्हायत आसा. आता तेंच्या पायात बळ घाल, तेंका वर्ल्ड कपाक पोचय. पोचले तर ते अकराय जण हंय येवन, आपल्या हातान तुका रोट आणि वहाणांचो जोड ठेवतले."

"व्हय म्हाराजा."

शेवटचं वाक्य त्यानं मुद्दाम घातलं नव्हतं. प्रत्येक गाऱ्हाण्याचं शेपूट तेच असतं. इतकी वर्षं त्याच्या तोंडातून ते आपोआप निघत होतं. पण राखणदारापुढे बोललेला शब्द म्हणजे बोललेला शब्द. ज्याच्या नावानं मागणं, त्यानंच येऊन फेडायचं. दुसऱ्यानं फेडलेलं चालत नाही. आणि फेडलं नाही तर राखणदार सांगणाऱ्याला काही करत नाही. ज्याच्या नावानं सांगितलं, त्याच्या पायात तो काठी घालतो.

त्या दिवशी कुणी त्यावर विचार केला नाही. पाच लाखांचा देश पोचतोय कुठे.

मार्चमध्ये केप व्हर्देनं मॉरिशसला हरवलं. मग अंगोलाला, त्यांच्याच घरी. सप्टेंबरात पुन्हा मॉरिशस आणि पाठोपाठ तोच चार गोलवाला कॅमेरून, एक-शून्य. लिबियात तीन-एक असे मागे पडले होते, तिथून तीन-तीन केलं. ऑक्टोबरात एस्वातिनीवर तीन गोल घातले आणि दहा बेटं वर्ल्ड कपला पोचली. बाबलीनं वाड्यावर घरोघरी पेढे वाटले. लोकांनी आनंदानं घेतले. महादेवानं पेढा तोंडात टाकला, सावकाश चघळला आणि विचारलं,

"मगे कधी येतत?"

"कोण?"

"तुझे अकरा. वहाणा घेवन."

बाबली तसाच उभा राहिला. हातातल्या खोक्यात अजून सात पेढे होते.

दोन दिवसांत वाड्यावर दुसरा विषय उरला नाही. कुणी म्हणालं, मोपाला विमानतळ आहे, येऊ शकतात. कुणी म्हणालं, जेवणाचं काय करायचं, ते उकड्या तांदळाचं खातात का. चंद्रावतीला तर एका बाईनं भांडी देऊ केली. बाबलीला मात्र एकच दिसत होतं. अमेरिकेतलं मोठं मैदान, त्याचा एक गडी चेंडू घेऊन सुसाट निघालाय, आणि समोर घोंगडी पांघरलेला राखणदार काठी आडवी धरून उभा आहे.

"समीक्षा बाय, पत्र लिही. सगळा खरा खरा लिही."

समीक्षेनं इंग्रजीत लिहिलं आणि मग बाबलीसाठी मराठीत वाचून दाखवलं. "तुम्हाला आम्ही ओळखत नाही, पण तुमच्या विजयामागे आमच्या शिवेवरचा देव आहे. तरी पत्र मिळताच अकरा जणांनी एकेक वहाणांचा जोड घेऊन भारतात यावं. न आल्यास तुमच्या पायांना धोका आहे."

तिनं फोन खाली ठेवला.

"बाबा, हे पत्र मला आलं असतं, तर मी पोलिसांत गेले असते."

"पण ह्यात खोटा काय आसा?"

"काहीच नाही. तेच तर."

पत्र फोनातच राहिलं. समीक्षेनं जाता जाता सांगितलं, की वर्ल्ड कपला अकरा नाही, सव्वीस गडी जातात. आपण अकराच बोललो ह्याचं बाबलीला त्या दिवशी तेवढंच समाधान मिळालं.

मग त्यानं दुसरी युक्ती काढली आणि घुमटीपाशी दहा माणसं जमवून मांडली. फुटबॉलमध्ये दमलेला गडी बाहेर जातो आणि बदली गडी आत येतो. बदली गड्यानं घातलेला गोल धरतात की नाही? धरतात. तर ते लांब आहेत, अडचणीत आहेत. वाड्यावरचे अकरा जण त्यांचे बदली म्हणून उभे करू आणि वहाणा ठेवू. शिवाय तो संघही बाहेरगावची माणसं आपली म्हणून घेतोच. डब्लिनचा चालतो, तर हळर्णचा का नको?

माणसं माना डोलावू लागली. दोघांनी तर आपण कुठल्या जागी खेळू तेही सांगितलं. महादेवानं खिशातून शिट्टी काढून वाजवली.

"बदली पाचच."

"काय?"

"नियम आसा. एका सामन्यात पाच बदली. पाच जणांची फेड होयत. उरलेल्या सहांचा काय करतलंस?"

ह्या माणसानं चाळीस वर्षांपूर्वी दिलेली पेनल्टीही नियमाप्रमाणे बरोबरच होती, हे आतल्या आत बाबलीला माहीत होतं.

"एक वाट आसा," महादेव शिट्टी पुसत म्हणाला. "गाऱ्हाणा मागे घे. पण मागे घेतल्यार तुका परत सांगूक गावचा नाय. ह्या तुका म्हायत आसा."

बाबलीला माहीत होतं. चुकीचं सांगितलं असं राखणदारापुढे कबूल करायचं, मग ज्याच्या नावानं मागितलं, त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. पण ज्याचा शब्द एकदा परत आला, त्याच्या तोंडून पुन्हा निरोप पाठवायचा नाही. पंप, लग्नं, दुबईतले मजले, सगळं दुसऱ्याकडे जाणार. महादेवाकडेच, कारण त्याच्याएवढा आवाज वाड्यावर दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"गप रव मां," चंद्रावती घरी म्हणाली. "ते खंयचे कोण. तुमका तेंनी चाय तरी पाजल्यानी?"

गप्प राहिला असता तर खरंच काही बिघडत नव्हतं. वाड्यावरचे लोक चार दिवसांनी दुसरं काहीतरी बोलले असते, आणि मान त्याच्याकडेच राहिला असता. काठी पडली असती ती दुसऱ्याच कुणाच्या तरी पायात.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी समीक्षेनं सांगितलं, की गट ठरले, केप व्हर्देच्या गटात स्पेन आहे. बाबलीनं उंड्याचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"स्पेन म्हणजे बरे खेळतत, नाय?"

"फार बरे, बाबा."

"आणि वर ही काठी."

रविवारी तो आंघोळ करून सगळ्यांच्या आधी घुमटीपाशी जाऊन बसला. लोक जमले. वाड्यावरच्या मागण्या त्यानं नेहमीप्रमाणे सांगितल्या, पत्त्यांसकट, उलट जरा जास्तच सावकाश. एका पोराच्या बंगळुरूच्या खोलीचा रस्ता तर त्यानं दोनदा सांगितला. मग तो थांबला. फणसावर कुठेतरी एक खार ओरडत होती.

"बा राखणदारा, गेल्या वर्साक मी तुका केप व्हर्देचा गाऱ्हाणा घातलंय. पत्तो बरोबर होतो. पण ते येतले असा मी बोल्लंय, तेंका इचारल्याशिवाय. तेंका ह्यातला कायच म्हायत नाय. ते आपले खेळाक गेले आसत. चूक माझ्या जिभेची. ता गाऱ्हाणा मी मागे घेतंय. तेंच्या वाटेक जाव नको."

गाऱ्हाणं मागे घेतलेलं तिथल्या कुणीही ऐकलं नव्हतं. त्याला "व्हय" म्हणायचं की गप्प बसायचं, ते एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. शेवटी महादेव घसा खाकरून एकटाच म्हणाला, "व्हय म्हाराजा." मग बाकीचे म्हणाले.

बाबलीनं रोट ठेवला, आपल्या नावचा वहाणांचा जोड ठेवला आणि उठून मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला. तिथून राखणदार दिसत नव्हता, नुसत्या पाठी दिसत होत्या. एकोणीस वर्षांत तो ह्या बाजूला कधी उभा राहिला नव्हता.

परत येताना महादेव त्याच्या बरोबरीनं चालू लागला.

"बाबली, ती बंगळुरूची खोली. बस स्टँडाच्या डाव्या हातीक काय उजव्या?"

"डाव्या. आधी औषधांचा दुकान लागता."

"लिहून दी माका."

"सांजेक ये घराक. सगळ्यांचे देतंय," बाबली म्हणाला. मग थोडं पुढे गेल्यावर, "पण फुटबॉलाचा तू कोणाक सांगा नको हां. पोर्तुगालाचाय नको."

"ते आपल्या जिवार खेळांदेत," महादेव म्हणाला.

घरी चंद्रावतीनं पानं वाढली होती. बाबली नीट जेवला. हात धुताना त्यानं समीक्षेला विचारलं, स्पेनशी सामना आहे तो कुठल्या गावी, आणि त्या मैदानाचा पूर्ण पत्ता काय. देवाला सांगायला नाही, असं तो म्हणाला. नुसतं आपलं माहीत असावं म्हणून.