कॉम्प्युटरची पूजा आणि पंख्याची घरघर

त्या वर्षी आमच्या एकाच खोलीत दोघांनी संसार थाटला: माझ्या कॉम्प्युटरने आणि बायकोच्या गाण्याच्या क्लासने.

कॉम्प्युटर माझ्या कळंबोलीच्या शेठचा. लोखंडाची कोटेशनं घरी टाइप करता यावीत म्हणून त्यांनी तो नवीन पनवेलला टेम्पोने पाठवला. (घरीही काम करायचंय, हे मला टेम्पो आल्यावर कळलं.) क्लास सुनंदाचा. लग्नानंतर सुटलेलं गाणं तिने पुन्हा धरलं होतं आणि कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर क्लासच्या मुलींचं पहिलंवहिलं समूहगान होतं. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

खंडेनवमीला घरातल्या यंत्रांची पूजा झाली. शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर. कॉम्प्युटरची मी जातीने केली. स्कूटरची पूजा करताना आपण इंजिनाला विसरतो का? मग कॉम्प्युटरच्या नुसत्या काचेला फूल वाहून कसं चालेल? मी तो फिरवला, मागच्या पंख्याला हळदकुंकू लावलं आणि जाळीवर मनोभावे मूठभर अक्षता वाहिल्या.

"हात सैल आहे हो तुझा," आई म्हणाली. मला ते कौतुक वाटलं.

दसऱ्याचं सोनं वाटून झालं, दुसऱ्या संध्याकाळी बटण दाबलं आणि पंखा टर्रर्र करायला लागला.

सुनंदाने पेटी थांबवली. "हे काय?"

"थांबेल. जरा गरम झाला की."

तो गरम झाला, मग मी झालो. आवाज तसाच.

आधी आईची गोधडी पांघरली. आवाज दबला, पण थोड्या वेळाने स्क्रीन काळी ठिक्कर पडली आणि टाइप केलेली सगळी कोटेशनं गेली. मग थापा मारून पाहिल्या. शेवटी आई म्हणाली, "बिजागरी कुरकुरली की काय करतो आपण? दोन थेंब खोबरेल." मी दोन थेंबांवर थांबणारा माणूस नाही (ते अक्षतांवरून कळलंच असेल). पंख्याने सगळं तेल मागे सतरंजीवर बसलेल्या मुलींवर शिंपडलं.

"बाई, पाऊस येतोय का हो?" एकीने विचारलं.

मुली तुकतुकीत वेण्या घेऊन घरी गेल्या. सुनंदा ओरडली नाही. तेच वाईट.

"कोजागिरी तोंडावर आलीय," ती म्हणाली, "आणि मुलींना पेटीचा सूरच ऐकू येत नाहीये. उद्यापासून या खोलीत जो आवाज करेल, तो रोडपालीला. वन्संकडे."

वन्सं म्हणजे माझी बहीण. तिच्याकडे जागा होती आणि गाणं नव्हतं.

सकाळी प्लग काढला, मागचे स्क्रू सोडले आणि कॉम्प्युटर आडवा करून हलवला. आतून तांदूळ पडले. पिवळे, तेलकट.

"खिचडी टाकू?" सुनंदाने विचारलं.

"अक्षता आहेत त्या, पाय लावू नका," म्हणत आईने एकेक दाणा वेचून तुळशीत टाकला.

संध्याकाळी पंखा फिरला आणि ऐकूही आला नाही. मी निवांत टाइप करायला बसलो. मुलींनी सा लावला. सुनंदाने समाधानाने डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"अजून काहीतरी घुमतंय."

मी कॉम्प्युटर बंद केला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मागे वाकलो. मुलींनी पुन्हा सा लावला. घुमणं चालूच. सगळ्या कान देऊन ऐकू लागल्या. मग सगळ्यांत धाकटीने बोट दाखवलं.

"बाई, काका गातायत."

काम करताना मी गुणगुणतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं. आणि सुरात गुणगुणत नाही, हे सुनंदाच्या चेहऱ्यावरून. इतके दिवस बिचारा पंखा माझी अब्रू झाकत होता.

कोजागिरीला मुली अगदी सुरात गायल्या आणि सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं, असं आईने नंतर सांगितलं. कॉम्प्युटर घरीच होता. रोडपालीला मी होतो.